बंब, गीझर आणि एक व्हॉल्व्ह

डिसेंबरातल्या एका शनिवारची गोष्ट. सकाळचे साडेसात. आठवडाभर ऑफिसात डोकं पिकवल्यावर शनिवारी नऊच्या आत उठायचं नाही, असा आमचा साधा नियम आहे. पण बाथरूममधून बाबांचा आवाज आला, "अरे, हा तुझा गीझर परत विझला रे!"

"तुझा" गीझर. चालू असतो तेव्हा तो घरचा असतो, विझला की माझा होतो. असो.

लक्षण असं होतं. नळ सोडला की कट-कट-कट ठिणग्या पडायच्या, भप्पकन ज्योत पेटायची आणि दोन सेकंदांत सगळं गार. पुन्हा नळ बंद, पुन्हा चालू, पुन्हा तेच. आधी सेल बदलून पाहिले (प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याची पहिली पायरी रीस्टार्टच असते). काही उपयोग नाही. शेवटी नेरुळातल्या आमच्या सेक्टरमधल्या गॅस शेगडी रिपेअरिंगवाल्या दादांना बोलावलं. ते आले, चार स्क्रू काढले, पाहिलं न पाहिलं आणि निदान झालं.

"व्हॉल्व्ह गेलाय साहेब."

मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन व्हॉल्व्ह निघाले. दिसायला जुळे भाऊ. "हा लावू का हा? दोन्ही बसतात."

मी विचारलं, "फरक काय दोन्हींत?"

"हा सिलिंडरवाला, हा पाइपवाला. पण चालतं सगळं."

एवढ्यात बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "आता बिल्डिंगमध्ये पाइपचा गॅस आलाय ना? मग गीझर पण त्याच्यावरच घेऊन टाक. एका गीझरसाठी सिलिंडर कशाला सांभाळायचा?"

दादा लगेच तयार. "घेऊ की काका. जेटची भोकं जरा मोठी करायची, बस. ड्रिल आहे माझ्याकडे."

आता मी कोड लिहून पोट भरतो. "चालतं सगळं" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी हेच म्हणून कोड वर चढवतं आणि शनिवारी पहाटे आमचा फोन वाजतो. शिवाय मला माझा आतेभाऊ आठवला. पुण्यात कॉलेजला असताना तो भाड्याच्या खोलीत राहायचा. एका थंडीच्या सकाळी गॅस गीझरच्या बाथरूममध्ये बेशुद्ध पडला. कडी तकलादू होती म्हणून मित्रांना दार तोडता आलं आणि म्हणून तो आज आहे. गीझर बिघडलेला नव्हता, व्हॉल्व्ह एकदम व्यवस्थित होता. हे मला तेव्हापासून सलत होतं. सगळं नीट चालत असताना माणूस पडतो कसा?

दादांना म्हटलं, दोन-तीन दिवस थांबा. आणि शनिवार-रविवार वाचत बसलो. अंघोळीचं पाणी पातेल्यात तापवलं. त्या दोन दिवसांत जे सापडलं ते असं.

*

सुरुवात बंबापासून करायला हवी. आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, आजीच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. ज्यांनी तो पाहिला नाही (आणि आता असे बरेच जण असतील) त्यांच्यासाठी सांगतो. बाहेर तांब्याचं गोल पिंप, मधोमध आरपार गेलेलं नळकांडं, खाली जाळी. नळकांड्यात वरून लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, गोवऱ्या टाकायच्या. आग नळकांड्यात आणि पाणी तिच्याभोवती. एका बाजूला तोटी. खालून हवा आत शिरते, वरून धूर बाहेर पडतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत हा सरळसोट उभा 'फायर ट्यूब बॉयलर' झाला, म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरचा धाकटा भाऊ. बंब हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून, म्हणजे पंपावरून आलाय. म्हणून आग विझवणारा तोही बंब आणि आग पेटवून घ्यायचा तोही बंब. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पिढ्यानपिढ्या तांब्याची भांडी ठोकली जातात. असले बंब अशाच हातांनी घडवले.

बंबाला व्हॉल्व्ह नव्हता. म्हणजे होता, पण तो आजी होती. पाणी उकळायला लागलं की दोन लाकडं मागे ओढायची. पाणी संपत आलं की वरून बादली ओतायची. ज्योत, पाणी, धूर या तिन्हींवर आजीचं लक्ष. धुरासाठी तर काही करावंच लागायचं नाही, कारण न्हाणीघराला कौलं होती आणि कौलांच्या फटीतून सूर्याचे कवडसे आत यायचे. धूर डोळ्यांत गेला की पोरं बोंब मारायची. थोडक्यात, यंत्रणेत एक सेन्सर डोळ्यांचा, एक नाकाचा, आणि निर्णय घ्यायला आजी.

पुढचा सगळा इतिहास म्हणजे या आजीच्या जागी पितळेचा तुकडा बसवायचा इतिहास आहे.

*

गॅस मुंबईत आला तो पाणी तापवायला नाही, उजेडासाठी. वाडिया घराण्यातले जहाजबांधणी करणारे अर्देशीर कर्सेटजी यांनी १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले. (हेच अर्देशीर पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले.) १८६०च्या दशकात शहरात बॉम्बे गॅस कंपनीचा गॅस आला आणि रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. लालबागला गॅस कंपनी लेन आहे, ती त्याचीच आठवण. हा गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढायचे. त्यात हायड्रोजन, मिथेन आणि बऱ्यापैकी कार्बन मोनॉक्साइड असायचा. म्हणजे न जळताही हा गॅस विषारीच. पण एक बरं होतं, त्याला जबरदस्त घाण वास यायचा. नाक नावाचा सेन्सर अजून कामावर होता.

याच गॅसवर लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने १८६८ मध्ये एक यंत्र काढलं. पाणी वाहताना तापवायचं, साठवायचं नाही. नाव ठेवलं 'गीझर', आइसलँडच्या उष्ण कारंज्यांवरून. तुमच्या-आमच्या बाथरूममधला गीझर हा शब्द तिथून आला. पण मॉनच्या गीझरला दोन मोठ्या खोडी होत्या. एक म्हणजे धुराडं नव्हतं, जळालेला वायू थेट खोलीत. दुसरी म्हणजे पाणी आणि गॅस दोन्ही हाताने सोडायचे. आधी गॅस सोडला आणि काडी पेटवायला वेळ लागला तर स्फोट. गॅस चालू राहिला आणि पाणी थांबलं तर तांबं वितळायची वेळ. आजीच्या बंबात जे धुराचं नळकांडं होतं, ते या आधुनिक यंत्रात नव्हतंच! नवीन व्हर्जनमध्ये जुनं फीचर गायब होणं, हे फक्त आमच्या धंद्यात होतं असं मला वाटायचं.

ही भानगड नीट हाताळली ती ह्यूगो युंकर्स या जर्मन माणसाने. त्याने आधी १८९२ मध्ये गॅसची उष्णता मोजायचं उपकरण बनवलं आणि मग तीच कल्पना उलटी फिरवून १८९४ मध्ये पाणी तापवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८९५ मध्ये डेसाऊ गावात कारखाना निघाला. गीझरच्या पैशांतून पुढे त्याने काय केलं माहितीये? विमानं. १९१५ मधलं संपूर्ण धातूचं विमान युंकर्सचंच. १९३२ मध्ये गीझरचा धंदा बॉशने विकत घेतला. विमानं काढायला आधी लोकांच्या अंघोळीचं पाणी तापवायला लागतं, हे स्टार्टअपवाल्यांनी लक्षात ठेवावं :-)

युंकर्सनंतरच्या काही दशकांत गीझरच्या व्हॉल्व्हला दोन महत्त्वाच्या गोष्टी शिकवल्या गेल्या. या दोन्ही आजही तुमच्या भिंतीवर लटकलेल्या डब्यात आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिली, पाणी वाहत नसेल तर गॅस नाही. पाण्याच्या वाटेवर एक रबरी पडदा असतो. पाणी वाहायला लागलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा फुगतो, एक दांडी ढकलतो आणि गॅसची वाट उघडते. नळ बंद केला की स्प्रिंग दांडीला मागे आणते. वीज नाही, चिप नाही, पाणी स्वतःच बटण दाबतं. म्हणून तर टाकी रिकामी होत आली आणि धार बारीक झाली की गीझर आपोआप विझतो. आपण वैतागतो, पण तो त्याचं काम करत असतो.

दुसरी, ज्योत नसेल तर गॅस नाही. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की थोडीशी वीज तयार होते, हे सीबेकने १८२१ मध्येच पाहिलं होतं. तो सांधा ज्योतीत ठेवायचा. त्या चिमूटभर विजेवर एक चुंबक व्हॉल्व्हला उघडा धरून ठेवतो. ज्योत विझली, सांधा गार झाला, वीज संपली, चुंबक सुटला आणि स्प्रिंगने व्हॉल्व्ह बंद. आपल्याकडच्या सेलवरच्या गीझरमध्ये हेच काम ज्योतीत घुसवलेली एक काडी आणि सर्किटचा डबा करतो. काडीला ज्योत 'दिसेनाशी' झाली की कॉइलचा करंट तोडला जातो.

यातली खुबी पाहा. व्हॉल्व्ह *बंद* करायला काही करावं लागत नाही. तो *उघडा ठेवायला* सतत काहीतरी करत राहावं लागतं. सेल संपले, वायर तुटली, कॉइल जळली, काहीही झालं तरी शेवट एकच, गॅस बंद. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये रेल्वेच्या ब्रेकमध्ये हाच विचार वापरला होता. पाइपातल्या हवेचा दाब ब्रेक सुटलेला ठेवतो. पाइप फुटला तर ब्रेक लागतो, सुटत नाही. आम्ही ज्याला हार्टबीट म्हणतो ते हेच, ठोका चुकला की सर्व्हिस बंद.

मग मी मल्टीमीटर आणला आणि आमचा व्हॉल्व्ह तपासला. त्यातून तीन वायरी निघतात, कारण आत दोन कॉइल आहेत. एक जोर लावून ओढणारी, दुसरी थोड्या करंटवर धरून ठेवणारी. ओढणारी ठणठणीत होती, धरून ठेवणारी तुटलेली. म्हणून पेटायचं आणि दोन सेकंदांत विझायचं. म्हणजे दादांचं निदान बरोबर होतं, हे मान्य केलं पाहिजे. आणि आमचा "बिघडलेला" व्हॉल्व्ह बिघडतानासुद्धा योग्य बाजूला बिघडला होता. मला त्याचं जरा कौतुकच वाटलं.

*

आता दुसरा प्रश्न. सिलिंडरवाला की पाइपवाला?

सिलिंडरचा गॅस भारतात घरगुती वापरासाठी आला तो मुंबईतच. ट्रॉम्बेच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांतून हा वायू निघू लागला आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलने 'बर्शेन' नावाने तो घरोघर विकायला काढला. आमच्या आजोळी अजूनही कुणीतरी सिलिंडरला बर्शेन म्हणतं. १९७६ मध्ये बर्मा-शेलचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे तिचीच भारत पेट्रोलियम झाली. हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण, हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीवर साचतो.

पाइपच्या गॅसची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगला मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल आणि वायू सापडला, तो बॉम्बे हाय. मे १९७६ मध्ये तिथून उत्पादन सुरू झालं. समुद्राखालच्या पाइपांतून तो वायू येतो कुठे? उरणला! म्हणजे आमच्या नेरुळपासून लोकलने जाता येईल इतक्या जवळ (जानेवारी २०२४ पासून खरंच लोकल जाते). सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि नवी मुंबई खाडीच्या अलीकडे उभी राहत होती त्याच वर्षांत शेजारी ओएनजीसीचा उरणचा प्रकल्प उभा राहत होता. तरी घरात पाइपने गॅस यायला आम्हाला बरीच वर्षं वाट बघावी लागली. मुंबईसाठी महानगर गॅस कंपनी निघाली ती १९९५ मध्ये. तोवर आम्ही सगळे सिलिंडरच्या नंबरात. हा गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. त्याला मुळात वास नसतो, मुद्दाम मिसळतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी वास नसलेला गॅस साचून स्फोट झाला, सुमारे तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसला वास द्यायचा कायदा झाला. तुमच्या शेगडीचा तो सडका वास त्या मुलांमुळे आहे.

तर दोन गॅस, दोन स्वभाव. आता थोडं गणित, घाबरू नका. एका भोकातून किती उष्णता जाते ते तीन गोष्टींवर ठरतं. भोकाचं क्षेत्रफळ, गॅसच्या दाबाचं वर्गमूळ, आणि गॅसची उष्णता भागिले त्याच्या घनतेचं वर्गमूळ. या शेवटच्या आकड्याला वॉबे निर्देशांक म्हणतात. सिलिंडरच्या गॅससाठी तो साधारण ८२ धरा, पाइपच्या गॅससाठी साधारण ५०. घरातला दाब सिलिंडरच्या रेग्युलेटरनंतर सुमारे ३० मिलिबार, पाइपच्या गॅसचा सुमारे २१.

गुणाकार केला तर त्याच भोकातून पाइपचा गॅस सिलिंडरच्या तुलनेत जेमतेम निम्मी उष्णता देतो. म्हणून सिलिंडरचा गीझर तसाच पाइपवर जोडला तर पाणी कोमट येतं. उलट केलं, पाइपचा गीझर सिलिंडरवर लावला, तर दुप्पट गॅस जळायला येतो पण हवा तेवढीच. मग ज्योत पिवळी, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. दादांचं म्हणणं तत्त्वतः बरोबर होतं, पाइपसाठी भोकाचं क्षेत्रफळ साधारण दुप्पट, म्हणजे व्यास १.४ पट हवा. पण ते हातातल्या ड्रिलने? समजा भोक ०.७ मिलिमीटर हवं आणि ड्रिल ०.८ चं निघालं. फरक केसाएवढा. पण क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी वाढलं, म्हणजे ३० टक्के जास्त गॅस, जन्मभरासाठी. आणि हे डोळ्याला दिसणार नाही.

हे काम जगात नीट केलं गेलंय. ब्रिटनमध्ये १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत अख्खा देश कोळशाच्या गॅसवरून समुद्रातल्या नैसर्गिक गॅसवर नेला. सव्वा कोटीहून जास्त ग्राहक. गल्ली गल्ली बंद करायची, घराघरात जाऊन प्रत्येक शेगडीचे, गीझरचे, हीटरचे बर्नर आणि जेट बदलायचे, तपासायचे आणि मग नवा गॅस सोडायचा. उपकरणं किती? साडेतीन-चार कोटी! एवढं मोठं मायग्रेशन आमच्या धंद्यात अजून कुणी पाहिलेलं नाही. आणि त्यांनी ड्रिल नाही चालवलं, प्रत्येक मॉडेलसाठी मोजूनमापून बनवलेला सुटा भाग लावला.

त्याचा वारसा अजून टिकून आहे. माझी मावसबहीण लंडनजवळ राहते. तिथे बॉयलर अख्खं घर गरम करतो. तो बंद पडला तर जानेवारीत घरात स्वेटरवर स्वेटर. तिच्या बॉयलरचा गॅस व्हॉल्व्ह गेला तेव्हा फोनवर सांगत होती, "इथे नोंदणी असलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावत नाही." (२००९ पासून 'गॅस सेफ रजिस्टर' नावाची यादी आहे.) आलेल्या माणसाने आधी व्हॉल्व्ह पाहिलाच नाही. बॉयलरच्या पाटीवरचा नंबर टिपला, कारण तिकडे प्रत्येक मॉडेलला वेगळा नंबर असतो आणि भाग त्यावरून मागवतात. तिकडच्या व्हॉल्व्हमध्ये गॅसचा दाब नेमका ठेवायची सोयही असते, त्यामुळे चुकीचा लावला तर सगळंच चुकतं. बसवल्यावर त्याने धुराड्यात नळी घालून कार्बन मोनॉक्साइड मोजला, कागदावर लिहिला आणि मगच चहा घेतला.

आमच्याकडे चहा आधी होतो.

*

इथपर्यंत मला वाटत होतं की उत्तर मिळालं. मॉडेल नंबर बघून व्हॉल्व्ह घ्या, विषय संपला. पण आतेभाऊ डोक्यातून जाईना. त्याचा व्हॉल्व्ह तर बरोबरच होता ना?

मग रविवारी रात्री अजून एक गणित केलं, आणि खरं सांगतो, झोप उडाली.

आपला गीझर मिनिटाला सहा लिटर पाणी देतो. ते पंचवीस अंशांनी तापवायचं तर साडेदहा किलोवॅट लागतात. थोडी उष्णता वाया जाते ती धरली तर तासाला जवळपास एक किलो गॅस. दहा मिनिटांच्या अंघोळीला १६० ग्रॅम. एक किलो गॅस जाळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे १६० ग्रॅमला अडीच किलो हवा, अंदाजे दोन घनमीटर. आमचं बाथरूम चार फूट बाय सहा फूट, उंची आठ. म्हणजे साडेपाच घनमीटरसुद्धा नाही.

दहा मिनिटांत बाथरूममधली सुमारे अडतीस टक्के हवा त्या डब्यातून जाते! एकापाठोपाठ दोन अंघोळी झाल्या आणि बाहेरून हवा आली नाही, तर? ऑक्सिजन कमी व्हायला लागला की ज्योत विझत नाही, फक्त अर्धवट जळते. कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने त्याला घट्ट धरतं. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि कडी काढायला हात उचलत नाही. आपल्याकडचे डॉक्टर याला 'गॅस गीझर सिंड्रोम' म्हणतात, म्हणजे नाव ठेवण्याइतकं हे नेहमीचं आहे.

आणि व्हॉल्व्ह? पाणी वाहतंय, ठीक. ज्योत दिसतेय, ठीक. उघडा राहा. त्याला शिकवलेल्या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. हवा संपतेय हे साध्या गीझरच्या व्हॉल्व्हला कुणी शिकवलेलंच नाही. (ऑक्सिजन कमी झाला की बंद होणारी सोय असते, पण आमच्यात नव्हती.) आजीच्या जागी आपण जो पितळेचा तुकडा बसवला, त्याला डोळे दिले, नाक द्यायचं राहिलं.

रात्री उठून बाथरूमची खिडकी पाहिली. काचेच्या पट्ट्यांवर आतून पुठ्ठा, चारी बाजूंनी चिकटपट्टी. बाबांनी लावलेला. डास येतात आणि थंडी वाजते म्हणून.

*

सोमवारी सकाळी पुठ्ठा काढला. बाबा म्हणाले, "काही होत नाही रे. तीस वर्षं बंबाच्या पाण्याने अंघोळ केली, कधी काही झालं?"

म्हटलं, "बाबा, बंबाला नळकांडं होतं आणि वर कौलं होती. इथे वर शिंद्यांचा फ्लॅट आहे."

ते काही बोलले नाहीत. मग आतेभावाचं नाव काढलं. त्यावर फक्त "हं" म्हणाले. पण दुपारी स्वतः जाऊन खिडकीसाठी डासांची जाळी घेऊन आले.

दादा मंगळवारी आले. व्हॉल्व्ह आम्ही असा निवडला, आणि क्रम महत्त्वाचा आहे म्हणून लिहितो. आधी गीझरच्या पाटीवर गॅस कुठला लिहिलाय ते पाहिलं, सिलिंडरचा. तर व्हॉल्व्हही त्याचाच, आणि सिलिंडरही राहणार. पाइपवर जायचंच असेल तर पाइपसाठी बनवलेला गीझर आणायचा, ड्रिल नाही. मग व्हॉल्व्हवर छापलेला दाब पाहिला. मग करंट नसताना तो बंद राहतो ना, ते तोंडाने फुंकून पाहिलं (गॅसला जोडायच्या आधी, हे सांगायला नको). मग कॉइलचा व्होल्टेज आणि वायरी किती ते. आणि सगळ्यात शेवटी, आटे बसतात का. दादांच्या पिशवीतला क्रम नेमका उलटा होता. आधी आटे, बाकीचं "चालतं". अशा वेळी दुकानातून त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा मागवलेला बरा. चार दिवस उशीर झाला, पैसे थोडे जास्त गेले. बसवल्यावर सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं.

आणि गीझर बाथरूममध्ये परत लावलाच नाही. ड्राय बाल्कनीत, बाहेरच्या भिंतीवर लावला. तिथून गरम पाण्याचा पाइप आत घेतला. प्लंबरने त्याचे वेगळे पैसे घेतले. पहिली अर्धी बादली आता गार येते, त्यावरून रोज सकाळी एकदा माझ्या नावाचा उद्धार होतो. होऊ दे.

दादांना जाताना विचारलं, "तुमच्या घरी गीझर कुठे आहे?"

ते थोडं थांबले. "बाथरूममध्येच आहे साहेब. खोली लहान आहे." मग पिशवी उचलताना म्हणाले, "खिडकी आहे पण. तिच्यात सामान ठेवलंय. काढतो आज."

काढलं असेल अशी आशा आहे. तुमच्याकडे गॅस गीझर असेल तर हे वाचून झाल्यावर एकदा बाथरूमची खिडकी बघून या. व्हॉल्व्हचं नंतर बघू.